शीतलची बोटं का थांबली?

मित्रांनो, मी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका बैठ्या चाळीत, नम्रताच्या भिंतीवर टांगलेला जुना वायफाय राऊटर आहे. माझा पांढरा रंग आता पिवळट झालाय आणि एक अँटेना चिकटपट्टीच्या आधारानं उभी आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसं आठवत नाही. आठवतो तो रोह्याच्या दुकानातला खोका, आणि नदीच्या पुलावरून स्कूटरवर झालेला माझा पहिला प्रवास.

मला तीन घरांनी मिळून आणलं. नम्रता घरून गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. शेजारचा विलास धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो. टोकाच्या खोलीत भागी राहते. ती मिळेल त्या कामावर जाते. तिची मुलगी शीतल पेणला वसतिगृहात राहून शिकते.

शीतलला जन्मापासून ऐकू येत नाही. मायलेकी हातांनी बोलतात. त्यांना साधा फोन काय कामाचा? रोज संध्याकाळी भागी फोन डब्याला टेकवून उभा करायची, आणि शीतलचे हात माझ्यातून तिच्यापर्यंत पोहोचायचे. मित्रांनो, मी किती सिनेमे नि क्रिकेटचे सामने वाहून नेले असतील, पण त्या हातांइतकं सुंदर काही माझ्यातून गेलेलं नाही.

मग एकदा ते हात अडखळू लागले. शीतल काही सांगायला बोटं उचलायची आणि चित्र तिथंच थिजायचं. अर्धं वाक्य हवेत. एका संध्याकाळी तिचे डोळे भरलेले दिसले, हात हलले, चित्र थांबलं. पोरीला काय झालंय ते भागीला कळेना. ती धावत नम्रताकडे आली.

नम्रताच्या शिकवणीतही चित्र अडकत होतं. विलास कामावरून येऊन दारातच उभा होता.

"कोणीतरी बाहेरचा आपलं नेट वापरतोय," तो म्हणाला. "भागीवहिनींकडं पाव्हणे येतात. त्यांनाच पासवर्ड गेला असणार. काही दिवस त्यांचा फोन नेटवरून काढा, ताई."

"मी कुनालाच नाय दिला," भागी म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. "पन माज्यामुळं सगल्यांना तरास होत असंल, तर काढ गो माजा फोन."

मला वाटलं, आता एक बटण दाबलं जाईल आणि ते हात कायमचे दिसेनासे होतील.

"कुणालाही काढायचं नाही," नम्रता म्हणाली. "आधी बघू तरी, कोण कोण जोडलंय."

तिनं मला भिंतीवरून उतरवलं, पाठीवरचा कागद वाचला आणि फोनवर माझं पान उघडलं. माझ्याशी जोडलेली सगळी नावं तिथं दिसतात. ओळखीच्या फोनांत एक अनोळखी नाव होतं, नुसती अक्षरं आणि आकडे.

"हाच तो चोर!" विलास म्हणाला.

"नावावरून कसं ठरवायचं? माझा फोन राहू दे, बाकी सगळ्यांनी आपापलं वायफाय बंद करा."

फोन एकेक करत गेले. अनोळखी नाव मात्र राहिलं.

"भागीताईंचा फोनही बंद आहे," नम्रता म्हणाली. "विलासभाऊ, फोन सोडून तुमच्या घरी नवं काय आलंय?"

विलासनं आपल्या दाराकडं मान वळवली. "नवं काय... कॅमेरा. गाडीतलं पेट्रोल चोरीला जात होतं म्हणून दारावर लावला. कॅमेऱ्याच्या दुकानातल्या हितेशनं पासवर्ड मागितला, मी दिला. कॅमेऱ्यालाही नेट लागतं?"

"जरा त्याची पिन काढून बघा."

विलास गेला. थोड्या वेळानं माझ्या पानावरून ते नाव पुसलं गेलं. तो कॅमेरा दिवसभर मोकळ्या दाराचं चित्र इंटरनेटवर पाठवत बसायचा, आणि त्या गर्दीत सगळेच अडकत होते.

भागीनं लगेच पेणला फोन लावला. शीतलचे हात आले, सलग आणि स्वच्छ. भागी बघता बघता हसू लागली. "मैत्रिनीशी भांडान झालता," ती म्हणाली. "आता मिटला म्हनते."

विलास मान खाली घालून उभा होता. "चुकलं माझं, वहिनी," तो म्हणाला. मग त्यानं हितेशला विचारून कॅमेऱ्याचं चित्र आतल्या कार्डातच साठेल असं करून घेतलं.

रविवारी शीतल घरी आली, तेव्हा विलासनं भागीला विचारून घेतलं, हातांनी माफी कशी मागतात. त्याचे जाड हात भलतंच काहीतरी बोलले असावेत, कारण शीतल पोट धरून हसली. मग तिनं त्याची बोटं पकडून नीट वळवून दिली.

मित्रांनो, आता मी थकलोय. माझ्या जागी नवा राऊटर येईल, तेव्हा त्याच्यावरची धूळ पुसत जा. पासवर्ड जपून द्या, आणि आपल्याशी कोण कोण जोडलंय ते अधूनमधून बघत जा. पण एखादं नाव ओळखीचं वाटलं नाही, तर लगेच तोडू नका. आधी दार उघडून शेजारी विचारून या.