लाल छताचा भगवान

भगवान गेला तेव्हा बर्मिंगहॅमच्या आमच्या हॉलमध्ये दोन मिनिटं शांतता पाळली. तो जिवंत होता तेव्हाही त्याच्याबद्दल पाळतच होते.

भगवान माझ्याबरोबर फाउंड्रीत होता. सत्तरच्या दशकात गोरी पोरं शनिवारी जुन्या गाड्यांना लोखंडी बंपर ठोकून मातीच्या गोल ट्रॅकवर धडका देत पळवायची. स्टॉक कार. त्यात आमचा नागपूरचा भगवान एकटाच काळा. पहिल्या मोसमात सगळ्यांनी त्याला मुद्दाम कुंपणावर दाबला. दुसऱ्या मोसमात हा दाबायला लागला. मी आणि त्याची बायको, शांतावहिनी, जाळीला नाक लावून उभे. जळकं रबर, व्हिनेगर टाकलेल्या चिप्स, थर्मासमधल्या चहात उडालेला चिखल. तो चहा अजून जिभेवर आहे.

तिथं गाडीच्या छताच्या रंगावरून माणूस ओळखायचा. नवखा पांढरा, मग पिवळा, मग निळा, सगळ्यात वर लाल. आणि जो वरचा, तो सगळ्यांच्या मागून सुटणार. भगवान हसायचा, "मागून सुटायची आपल्याला सवय आहे लेका. यांना नाही."

छत निळं होतं तोवर आमच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्याची गाडी ट्रेलरवर, मिरवणुकीच्या पुढं. मग तो जिंकत गेला आणि छत लाल झालं. पुढच्या जयंतीला तीच गाडी आणली, तर कमिटी दारातच आडवी.

"निळा सोडून लाल? कम्युनिस्ट झालास काय रे?"

"अहो, हा पक्षाचा रंग नाही, रेसचा आहे!"

कोण ऐकतो? त्यानं ट्रेलर ओढणारी व्हॅन तशीच वळवली. परत कधी त्या हॉलची पायरी चढला नाही.

आता, २००५ साली, शांतावहिनींनी त्याचा गाडीसोबतचा फोटो आणला. भिंतीवर जुन्या मंडळींच्या रांगेत लावा म्हणाल्या. सेक्रेटरी प्रबुद्ध सॉफ्टवेअरवाला, मनानं चांगला. लॅपटॉप उघडून मला म्हणतो, "काका, सीनियर लोक ऑब्जेक्शन घेतायत. नो प्रॉब्लेम. फोटोशॉपमध्ये रूफ ब्लू करतो."

माझं टाळकं सरकलं. "बरगड्या मोडून घेतल्या त्यानं त्या लालसाठी! गोऱ्यांना द्यावी लागली ती पायरी, आणि ती आपण काढून घ्यायची?"

"पण काका, ब्लू तर आपला..."

शांतावहिनींनी हात पुढं केला. "फोटो दे इकडे, बाळा. लाल छतासाठी हे बाहेर राहिले. आत येतील तर लाल छतानंच. नाहीतर माझ्या किचनमध्ये बरे आहेत."

प्रबुद्धनं लॅपटॉप मिटला. मग विचारलं, "काकू, रेड रूफवाले स्टार्ट कुठून करायचे?"

"सगळ्यांच्या मागून."

त्यानं हातोडी घेतली आणि रांगेच्या शेवटी, दाराजवळ खिळा ठोकला. कमिटीतला एक म्हातारा कुरकुरला, "अरे, दाराशी कशाला लावता माणसाला?"

"राहू द्या हो," शांतावहिनी फ्रेम सरळ करत म्हणाल्या. "तिथूनच सुटायचे ते. पुढच्यांनी सांभाळून राहावं."