सुनेच्या हातचं पथ्य

मांजर चुलीच्या उबेला निजल्यासारखी दिसत होती, पण तिचं पोट हलत नव्हतं. दौलतरावांनी काठीच्या टोकानं तिला हळूच ढोसलं. ती लाकडासारखी कडक झाली होती. त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला आणि ताट दूर सरकवलं.

“चतुरा, हे कधी झालं?”

सून भाकर थापत होती. पिठाचे हात तसेच धरून ती जवळ आली. “अवो माय,” ती पुटपुटली. “सकाळी तं दूध प्याली होती, मामाजी.”

“सकाळचं नाई विचारलं मी. काल माह्या ताटातला घास हिनं खाल्ला होता.”

दारात शेजारच्या गोमतीबाई विरजणासाठी वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाहतच दौलतराव पुढचं बोलले. “या घरात शिजते त्यात काय पडते, ते देवालेच ठाऊक. आज मांजर गेली. उद्या माही पाळी.”

तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला तेव्हा चतुराबाई चुलीशी गेली आणि भाकर उलटून पुन्हा खाली बसली. तिची पाठ दौलतरावांकडे होती. गोमतीबाई विरजण न घेताच परतल्या.

महिनाभर दौलतराव रोज पहिला घास मांजरीला घालत आले होते. सासऱ्याला उतारवयात मुक्या जिवाची माया लागली, असं चतुराबाई समजत होती. आज तिला खरं कारण कळलं.

दौलतरावांचा जन्म संशयातच गेला होता, आणि वाशीमच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, त्या संशयाला मान होता. हंगामात फाटकाशी कापसाच्या गाड्या लागल्या की त्यांनी बाही वर सारायची आणि कोपरापर्यंत हात गाडीत खुपसायचा. वरचा कापूस पांढराशुभ्र, आणि तळाशी पाणी मारलेला किंवा किडका, असं किती वेळा निघालं होतं. गाडीवाला शपथा घ्यायचा. दौलतराव त्याच्या तोंडाकडे पाहायचेच नाहीत, आपल्या बोटांना विचारायचे. तीस वर्षांत त्यांना फसवून गेलेली गाडी कुणाला आठवत नव्हती. मालक म्हणायचा, दौलतराव देवाच्या मूर्तीखालीही हात घालून पाहतील. त्यांना ते आवडायचं.

बायको, रंगूबाई, दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा उकंडराव जऊळका स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता. त्याला रेल्वेची एक खोली मिळाली होती आणि तो बायकोला तिकडे नेणारच होता. पण म्हाताऱ्याला भाकर कोण घालणार म्हणून चतुराबाई वाशीमलाच राहिली. नवरा पंधरा दिवसांतून एकदा यायचा, सकाळी यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा.

तिनं चूल हाती घेतली आणि त्याच हिवाळ्यात दौलतरावांच्या छातीत जळायला लागलं. आधी जेवणानंतर थोडं, मग रोज. आडवं झालं की घशाशी आंबट पाणी यायचं आणि दात आंबायचे. कधी छातीच्या मधोमध कुणी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. रंगूबाईच्या हातचं खाऊन असं कधी झालं नव्हतं. मग बदललं काय होतं? हात बदलला होता. जिनातला वजनं करणारा एक तोलारी एकदा सहज म्हणाला, “घरचंच पाहा, दौलतराव. पोरीईले नवऱ्यापाशी जायचं रायते अन् म्हातारा आडवा येते.” तो हसत म्हणाला होता. दौलतराव हसले नव्हते.

मांजर पुरून आल्यावर त्यांनी ताटातली अर्धी भाकर आणि वांग्याची भाजी पानात गुंडाळली, धोतराच्या फडक्यात बांधली आणि दुसऱ्या दिवशी जिनात रजा सांगून ते शेलूबाजारच्या मोटारीत बसले. वाशीमात वैद्य होते, पण गावात बोभाटा नको होता. अर्ध्या वाटेवर त्यांच्या ध्यानात आलं की सुनेचं माहेर शेलूबाजारपासून कोसभरावर आहे. कुणी ओळखीचं पाहील म्हणून फडकं त्यांनी मांडीखाली घेतलं.

रामधन वैद्य ओट्यावर बसून आवळे फोडत होता. साठीचा, काटक, डोक्याला मळका फेटा. दौलतरावांनी इकडेतिकडे पाहिलं, फडकं सोडलं आणि गाव न सांगता काम सांगितलं.

“यात वीख हाय का, ते पाहा.”

वैद्यानं भाकरीचा वास घेतला. भाजी बोटानं उलटी केली. “किती दिसांपासून खाऊन राह्यले हे?”

“दोन वर्सं झाले.”

“रोज?”

“रोज. दोन टाईम.”

“अन् चालत आले इथवर.” वैद्यानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली आणि तोंडात घातला. दौलतरावांचा हात आपोआप पुढे गेला, पण तोवर त्यानं गिळलंही होतं. दुसरा घास घेता घेता तो म्हणाला, “शिळी हाय, पण हात चांगला हाय. मीठ बराबर. तिखट मात्र मरणाचं. हे तिखट कोणाच्या सांगण्यानं पडते?”

दौलतराव थांबले. “मले तसंच लागते.”

“बसा मंग. आता मी इचारतो तसं सांगा, अन् खोटं नोका बोलू.”

वैद्यानं विचारलं तसतसा त्यांचा सगळा दिवस ओट्यावर निघाला. पहाटे जिनात जाताना अनशापोटी चहा. दहापर्यंत आणखी तीन. दाढेखाली तंबाखू. दुपारची शिदोरी गाड्या संपतील तेव्हा, कधी तीनला, कधी चारला, आणि तीही ठेच्यासोबत. दिवेलागण होऊन गेल्यावर पोटभर जेवण, आणि हात धुतले की तसंच अंथरुणावर. हे सगळं पहिल्यापासून होतं की आता आता?

“पयलेपासून,” दौलतराव म्हणाले, आणि लगेच सावरले. “पण बायको होती तवा काई होत नोहतं. आता सून रांधते.”

“बायको काय करे?”

त्यांनी आठवून सांगितलं. रंगूबाई ते जेवले की त्यांना बळंच अंगणात बसवून घ्यायची, पान लावून द्यायची, दिवसभराचं विचारत राहायची. झोपू द्यायची नाही. ठेचा वाढला की वर तुपाची धार धरायची, नको म्हटलं तरी. भांडायची त्यावरून.

“सुनेनं सासऱ्याशी भांडावं कसं?” वैद्य म्हणाला. “तुमी तिखट मांगता, ते तिखट देते.” त्यानं आपल्या बरगडीच्या खाली हात ठेवला. “हे पाहा. इथं अन्न पचवाले आंबट रस असते. तो खालीच राह्यला पायजे. तुमी त्याले चहा, तंबाखू, मिरची घालून उकळी आणता, अन् भरल्या पोटी आडवे होता. भरला गडवा आडवा केला तं काय होईन? सांडन. तसं ते घशाशी सांडते. आमी आम्लपित्त म्हणतो त्याले. वीख नाई ते. तुमचंच पाणी हाय.”

त्यानं पुड्या बांधल्या. शतावरी दुधातून, ज्येष्ठमध सकाळी. धने भिजू घालून त्याचं पाणी प्यायचं. चहा नाही, तंबाखू नाही, ठेचा नाही. जुन्या तांदळाचा मऊ भात, मुगाचं वरण, दोडका, साळीच्या लाह्या, वर तूप. दिवस मावळायच्या आत जेवायचं, मग शंभर पावलं चालायचं, आणि निजताना डाव्या कुशीवर, उशी उंच घेऊन.

“रक्त पडलं, काळा झाडा झाला, का अन्न अडकाले लागलं, तं माह्याकडे येत नोका बसू. अकोल्याले मोठ्या दवाखान्यात जाजा,” तो म्हणाला. “अन् दौलतराव, मनात धुसफूस असली तरी पित्त चढते. त्याची पुडी नाई माह्यापाशी.”

दौलतराव उठता उठता थबकले. नाव त्यांनी सांगितलं नव्हतं.

“जिनात कापूस आणतो मी,” वैद्य म्हणाला. “दोन वर्सांखाली माही गाडी परत लावली होती तुमी. खाली भिजेल होता, खरं हाय.”

परतीच्या मोटारीत त्यांनी पुडी उघडून चूर्ण चिमटीत घेतलं, बोटांवर घासलं, वास घेतला. वैद्याच्या मनात डूख असेल. खडूची भुकटी दिली असेल. पण गाडीचा डूख धरणारा माणूस समोर बसून ती भाकर खाईल? हा प्रश्न त्यांना वाशीमपर्यंत पुरला.

घरी आले तर गोमतीबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “दौलतरावजी, मांजर माह्यामुळं गेली. कोठीत उंदराच्या औषधाच्या गोळ्या ठेवल्या होत्या मी. ते तिथं गेल्ती, पोरीनं पाह्यलं. कालच सांगतो म्हटलं होतं, पण तुमी बोलून गेलते, अन् माही जीभच उचलली नाई.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. दौलतराव काहीतरी बोलतील म्हणून दोघी बायका थांबल्या असाव्यात. त्यांनी खाकरून पुड्या कोनाड्यात ठेवल्या.

“वैद्यानं पथ्य सांगतलं हाय,” ते दाराच्या चौकटीला म्हणाले. “मऊ भात, मुगाचं वरण, धन्याचं पाणी.”

“सांगा,” आतून आवाज आला. “धने घरात हायेत.”

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ताट आलं. भात, वरण, तूप, दोडक्याची भाजी. चतुराबाईनं ते पाटासमोर ठेवलं, खाली बसली, पदर सावरला, भाताचा एक घास उचलला आणि त्यांच्या देखत खाल्ला. भाजीचं बोट चाटलं. वरणाचा थेंब तळहातावर घेऊन प्याली. मग उठून आत गेली. ताटाची तेवढी बाजू रिकामी दिसत होती.

तिसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं. आठव्या दिवशीही.

पथ्य लागू पडलं. पहिले चार दिवस तंबाखूवाचून डोकं भणाणलं, जिनात ते गाडीवाल्यांवर उगाच खेकसले. पण पंधरवड्यात घशाशी आंबट येणं थांबलं. तिसऱ्या आठवड्यात ते सलग झोपले आणि सकाळी उठल्यावर कितीतरी वेळ छातीवर हात ठेवून बसले. हाताला काही लागलं नाही. त्या संध्याकाळी सून ताटाशी बसली तेव्हा त्यांनी तिचा हात जायच्या आत ताट आपल्याकडे ओढलं.

“राहू दे आता.”

“नाई, मामाजी,” ती शांतपणे म्हणाली. “मांजर नाई ना आता घरात.”

तिनं ताट पुन्हा मधे घेतलं आणि घास उचलला. तिच्या बोलण्यात राग असता तर दौलतरावांना रागवता आलं असतं.

उकंडराव पुढच्या खेपेला आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. गोमतीबाईंच्या मुलानं स्टेशनवरच सांगितलं असावं. तो बापासमोर मान खाली घालून बसला. एरवी तो आला की इंजिनांच्या गोष्टी सांगायचा.

चतुराबाई दारात येऊन उभी राहिली. सासरा आणि नवरा एकत्र असताना ती कधी बोलत नसे. “मामाजीची तब्येत आता बरी हाय,” ती म्हणाली. “पथ्याचं त्याईले सगळं समजलं. मी जऊळक्याले जाईन म्हणते.”

“बाबा, तुमी नाई म्हणत असान तं...” उकंडराव चाचरला.

दौलतराव सुनेकडे पाहत होते. दोन वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं सरळ पाहिलंच नव्हतं. हातावर तव्याचे दोन डाग होते. गळ्याची हाडं वर आली होती. शंका घ्यायची सवय असलेले डोळे कुठेतरी अडतील म्हणून ते पाहत राहिले, पण काही अडलं नाही.

“काहून नाई म्हणू,” ते म्हणाले. “जा. घर तिथं हाय तुह्यं.”

स्टेशनवर ते स्वतः पोचवायला गेले. ट्रंक, गाठोडं आणि पाण्याचा तांब्या एवढंच सामान होतं. तिनं वाकून पाया पडताना पदर नीट धरला. त्यांना बोलायचं होतं. दुपारपासून ते शब्द जुळवत होते, पण जुळलेले शब्द कापूस नाकारताना बोलायचे तसेच निघत.

“दिवाळीले येशीन ना?”

“हे आणतीन तं येईन,” ती म्हणाली. मग डब्यात चढून बसल्यावर खिडकीतून म्हणाली, “धने भिजू घातले हायेत. लाह्या खालच्या डब्यात. तांदूळ जुनाच घेजा.”

गाडी हलली. उकंडरावनं हात वर केला. चतुराबाई समोर पाहत होती.

दौलतराव पायीच घरी आले. ऊन अजून ओसरीवर होतं. जिनातून लवकर निघायची मुभा त्यांनी मागून घेतली होती, तेव्हा दिवस मावळायच्या आत जेवायला हरकत नव्हती. त्यांनी चूल फुंकली. डोळ्यांत धूर गेला. तांदूळ-मूग एकत्र धुऊन पातेल्यात घातले, पाणी अंदाजानं ओतलं, ते जास्तच झालं. उकळी आली तेव्हा त्यांना मिठाची आठवण झाली.

मीठ कुठं असतं ते तिनं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. तीस वर्षं ते या घरात जेवत आले होते. फळीवर सारख्या आकाराचे सात डबे ओळीनं लावलेले होते, सगळे घासून लख्ख. त्यांनी बाही वर सारली, पहिला डबा खाली घेतला, झाकण काढलं, बोटाच्या टोकावर जरासं घेतलं आणि जिभेवर ठेवलं. ते जवसाचं कूट होतं. त्यांनी झाकण नीट लावलं आणि दुसरा डबा घेतला.