यंदा जांबात अळी नाही

लग्नाला चार वर्षं झाली तरी ज्या योगेशनं कधी स्वतःचं उष्टं ताट उचललं नाही, तो आठ दिवसांपासून बायकोला जांब धुऊन देत होता, हे मैनाबाईच्या काही पचनी पडेना. तेही साधं धुणं नाही. तीन-तीन पाण्यांनी, त्यातलं एक मिठाचं, आणि वरून दुपट्ट्यानं पुसून.

"तिले सातवा महिना आहे, माय. जपा लागते," तो म्हणे.

जपावं, तिची ना नव्हती. पण जांब तिच्या अंगणातले होते. पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात तेच, आतून गुलाबी. "बिनऔषधाचे आहेत वं, डोळे झाकून खा," असं ठासून सांगत ती दरसाल हिवरखेडात ते वाटायची. यंदाही पाच घरी टोपली गेली होती. मग धुवायचं काय होतं एवढं?

तिची नजर झाडावर गेली. दरसाल दोन जांब फोडले की एकात अळी निघायची. यंदा दहा फोडले, एकातही नाही. बुंध्यावर मुंग्यांची रांग नाही. आणि मीठ-तिखट लावून बसल्या जागी चार फस्त करणारा योगेश, त्यानं यंदा एक जांब तोंडाला लावला नव्हता.

तिनं फवारणीच्या पंपाची खोली उघडली. कपाशीच्या औषधाचा डबा कोपऱ्यात होता. अक्षरं तिला लागत नव्हती, पण विषाचा लाल तिकोन कळत होता. फडक्यात धरून तिनं तो उजेडात आणला आणि दारात उभ्या सुनेला लांबूनच वाचायला लावला.

"फक्त कपाशीसाठी," अपेक्षा म्हणाली, आणि पुढचं तिला वाचवेना.

योगेश वावरातून आला तेव्हा ओसरीवर ताटलीत एक जांब होता.

"धुतला आहे. तुह्यावानीच, तीन पाण्यानं. खा."

"दात दुखून राहिला, माय."

"कोनता? दाखव."

त्यानं तोंड उघडलं नाही. मग खाली बघत म्हणाला, "पंपात थोडंसं औषध उरलं होतं. देल्लं झाडावर मारून. सांडू कोठी? काही वाया घालू नको, हे तूच तं सांगत आली. मंग हे रोज खाऊन राहिली दिसली, तं म्हटलं, धुऊन तरी द्याव."

अपेक्षानं दोन्ही हात पदराला पुसले. पुन्हा पुसले.

आपलंच बोलणं असं अंगावर येईल हे मैनाबाईला कधी वाटलं नव्हतं. पण ती गडबडली तेवढीच.

"भाकर वाया घालू नको म्हटलं होतं, जहर नाही! अन् धुऊन निघते तं तू काहून नाही खाल्ला? आता ऐक. आत्ताच हिले दवाखान्यात ने, डाक्टरले त्या डब्याचा फोटो दाखव, काही लपवू नको. आल्यावर सारे जांब तोड अन् गाड. पाच घरी मी माह्या तोंडानं बिनऔषधाचे म्हनून देल्ले, तिथं तू तुह्या तोंडानं खरं सांगून ये. अन् आजपासून ह्या घरात जे फळ येईन, ते पयले तू खायचं. तुह्या बायकोच्या हाती मंगच जाईन."