करडईच्या तेलाची हडळ

जिंतूरहून परततानाच्या चढाखाली निम्मं चारठाणा गाव गोळा झालं होतं. बन्सीधरची फटफटी या चढावर धापा टाकायची. मागच्या सीटवर हडळ बसते, असा निकाल मुंजाजीबुवांनी देऊन टाकला होता. हडळीला चढच का आवडतो, सपाटीवर ती का बसत नाही, हे कुणी विचारलं नाही.

बुवांनी तासभर धुपारती केली. मंतरलेलं करडईचं तेल पळीभर टाकीत ओतलं. "मार किक."

गाडी सुरू झाली, मागून धुराचा लोट उठला.

"ती बघा, जायलीय!" बुवा ओरडले. फटफटी सरसर चढ चढली आणि लोकांनी बुवांचे पाय धरले.

चार दिवसांत हडळ परत आली. पुन्हा धुपारती, पुन्हा तेल. निजामाच्या अमलात पेट्रोल मोठ्या मिनतवारीनं मिळायचं, तेही बन्सीधरनं दोन महिने असं नासवलं.

माघात त्याची बायको दैवशाला बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, "माझ्या हातचं न्हाई. जिंतूरच्या डाक्टरीणबाईला आणा." तो निघाला, पण परतताना गाडी दगा देऊ नये म्हणून वाटेत बुवांकडे थांबला. तिथे तास गेला. येताना बाई मागे बसल्या आणि गाडी चढावर बंद पडली ती पडलीच. पुढचं कोसभर अंतर दोघं पायी धावत आले.

घरी दैवशालेच्या अंगावर हिरवं लुगडं टाकलेलं होतं. बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "तासभर आधी आले असते तर ही आणि पोटातलं बाळ, दोघंही वाचली असती."

"हडळीनं नेली," बुवांनी सांगून टाकलं.

दहाव्यानंतर परभणीहून चंद्रभान मिस्त्री आले. त्यांनी सगळ्यांसमोर सायलेन्सर खोलला. आत काजळीचा दगड झाला होता, काडी जाईना.

"या इंजनाला पेट्रोलमधी तेल मोजूनच लागतं. तू आधीच अंदाजानं जास्ती वतत व्हतास, त्यात बुवाचं करडईचं पडलं. जास्तीचं जळून धूर होतो, काजळी बसती. धूर भाईर निघंना, तर ताकद कुठून येईल?"

"मग तेल घातल्यावर पळायची कशी?" बन्सीधरनं विचारलं.

"तेलानं न्हाई पळली. तासभर उभी ऱ्हायली, इंजन गार झालं म्हणून पळली."

मिस्त्रींनी काजळी खरवडून काढली. फटफटी बुवांच्या दारावरून न थांबता चढ चढून गेली. ते बघून बन्सीधर ढसाढसा रडला.

लोक बुवांकडे धावले. बन्सीधरनं त्यांना अडवलं.

"मारू नका त्याला. एवढंच ऐका. गाडी बिघडली तर मिस्त्रीला दाखवा, माणूस अडलं तर डाक्टरकडं न्या. आन् मधी कुठं थांबू नका. मी थांबलो."