दोन हात पाइप

माझ्या जिभेवर या घरानं पहिल्यांदा विश्वास ठेवला तो बिअरसाठी.

आमचे सेतुराव पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले, कुंभकोणमच्या एका कॉलेजात शिकवतात. जुन्या फ्रिजमध्ये बिअरचं पोलादी पिंप ठेवायचं, दाराला तोटी बसवायची आणि मित्रांना पाजायची, हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. सगळं जमलं, अडलं ते पिंपापासून तोटीपर्यंतच्या पाइपावर. बिअरला प्लास्टिकची चव लागली तर मित्रांत नाक कापलं जाईल. म्हणून त्यांनी तीन नमुने मागवले, पाणी भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी तीन पेले माझ्यापुढे मांडले.

"तुज चवीचं कळतं, राजी. सांग."

पहिल्याला नि तिसऱ्याला वास होता, दुसरा स्वच्छ. त्यांनी तिथल्या तिथे त्या दुसऱ्या नमुन्याचा पाइप मागवला. उलट एक प्रश्न नाही.

माझं डोकंच फिरलं. पाणी शुद्ध करायचं यंत्र घरात आल्यापासून मी कानीकपाळी ओरडत होते, की त्याच्या पाइपाचा वास कॉफीला लागतो. "पाण्यास कैंचा वास? तुज भ्रम," हेच सेतुराव म्हणायचे. सासूबाई पेला सरकवून ठेवायच्या. "हिज कॉपी साधत नाही," असं आल्यागेल्याला सांगायच्या. शेवटी शेवटी त्यांच्यासाठी हॉटेलातून कॉफी यायची. पोंगलच्या आधी त्या गेल्या. माझ्या हातची एक कॉफी काही त्यांना गोड लागली नाही.

नवा पाइप आला तेव्हा सेतुराव कॉलेजात होते. मी त्यातला दोन हात कापला, टोक गरम पाण्यात मऊ केलं आणि पाण्याच्या यंत्राला बसवला. उरलेला होता तसा गुंडाळून ठेवला.

रविवारी मित्र जमले. तोटीतून नुसता फेस. पेल्यामागून पेले मोरीत गेले, मित्र हसले. पाइप आखूड असला की फेस होतो, हे सेतुरावांना पाठ होतं. दुकानदारानं कमी पाठवला म्हणून त्यांनी त्याच्या नावानं खडे फोडले.

पिंपाच्या नादात इतके दिवस त्यांचं कॉफीकडे लक्षच नव्हतं; सोमवारी सकाळी घोट घेऊन ते थांबले.

"आज साधली तुज. आई असती तर प्याली असती."

मी त्यांना यंत्रापाशी नेलं. यंत्राखालचा पाइप दाखवला. ते वाकले, बोटांनी तो चाचपला. मी वाट पाहत उभी राहिले.

"म्हणून काल फेस झाला," ते म्हणाले.