काढलेल्या मजकुराचा आवाज

"मामा, काढलेल्या मजकुराला कोणता आवाज देऊ?" ज्योतीने विचारलं.

"बारीक. मूळ मजकूर पुरुषाच्या आवाजात, नवा घातलेला बाईच्या."

बमरोलीच्या यंत्रमागावर चौदा वर्षं काढल्यावर दगाचे डोळे हळूहळू गेले. आता डिंडोलीच्या घरी बसून तो समाजाच्या मासिकाचं मुद्रितशोधन करायचा. संगणक वाचायचा, तो ऐकायचा. आजवर सगळं एकाच आवाजात येई, त्यामुळे संपादकाने काय घातलं, काय काढलं, ते त्याला कळत नसे. भाचीने आज त्याची सोय करून दिली.

पहिली फाईल त्याच्याच लेखाची होती. पुष्पाबाईंवरचा, म्हणजे त्याच्या आईवरचा. आई जाऊन तीन आठवडे झाले होते. संपादक रघुनाथने लेख तपासून परत पाठवला होता, आणि चार वाजता पान छपाईला जाणार होतं.

पुरुषाचा आवाज सांगू लागला की लाखो धाग्यांत तुटलेला धागा दगा कानाने ओळखायचा आणि आई शेजारणींना सांगायची... पुढे बारीक आवाज आला, "मना पोऱ्याले अंधारमा बी दिसस." लगेच बाईचा आवाज म्हणाला, "मातोश्रींना पुत्राचा सार्थ अभिमान होता."

"हाय हाय! मातोश्री?" ज्योती म्हणाली. "आजीला कुणी मातोश्री म्हटलं असतं, तर तिने वळूनही पाहिलं नसतं."

दगाने रघुनाथला फोन लावला. "भाऊ, तेवढं एक वाक्य राहू दे. बाकी काहीही कर."

"दगाभाऊ, दिवाळी अंकात उखाभाऊने बायकोवर लिहिलं होतं. त्यातली अहिराणी कुणी काढली?"

"मीच," दगा म्हणाला.

"'बोली नको, शुद्ध हवं' हा नियम तुमचाच. त्या दिवशी उखा माझ्यासमोर रडला होता. आता तुमच्या आईपुरता नियम मोडला, तर त्याला मी काय सांगू? तरी तुम्ही म्हणाल तसं करतो. बोला."

"कळवतो," म्हणत दगाने फोन ठेवला.

"मामा, राहू द्या ना. उखाकाकांना मी समजावते."

"काय समजावशील? त्याची बायको शुद्ध बोलायची नि माझी आई नाही, असं?"

त्याने आईचं ते वाक्य परत ऐकलं. मग आणखी एकदा. चार वाजायला दहा मिनिटं असताना त्याने रघुनाथचा बदल स्वीकारला. आता लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आवाजात वाचला गेला. कुठेही अडखळ नव्हती. त्याने पान पाठवून दिलं.

ज्योती उठली आणि चपला घालून निघून गेली.

दगाने पुढची फाईल उघडली. कडोदऱ्याच्या कुणा मुलीने वडिलांवर लिहिलं होतं. पहिलेच दोन शब्द होते, "मना बाप". दगाने ते खोडून "माझे वडील" केलं आणि पुढची ओळ ऐकू लागला.