गावपळणीतली राहुटी

मी शिडाच्या कापडाची राहुटी बोलतेय. ऐकायचं तर बसून ऐका. मधेच उठून जाणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आधी मी लवू तांडेलाच्या गलबताचं शीड होते. मालवणपासून मुंबईपर्यंत पोटात वारा घेऊन फिरले. एका वादळात मधोमध फाटले. लवूने मला घरी आणलं आणि सन बावन्नच्या गावपळणीसाठी जाड सुईने माझी राहुटी शिवली.

गावपळण ही आमच्या गावची रीत. दर तीन वर्षांनी देवाच्या हुकमाने अख्खा गाव रिकामा करायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, अंथरुणाला खिळलेला म्हातारासुद्धा. तीन रात्री वेशीबाहेर, रानाला लागून असलेल्या उघड्या कातळाच्या सड्यावर काढायच्या. मग मानकरी देवळात जाऊन कौल लावतात. देवाने होकार दिला की गाव परत भरतो, नाही दिला तर आणखी एक रात्र बाहेर.

बाकीचे लोक चार झावळं उभी करून कुडकुडत झोपायचे. लवूने मात्र कमरेएवढे बांबूचे तट्टे बांधले, खाली फळ्या टाकल्या, फळ्यांवर भाताचं गवत आणि वर चटई. छप्पर मी. मार्गशीर्षाचं दंव बाहेर टपटपायचं, आत टिपूस नाही. लोक म्हणाले, लवूने बंगला बांधला. त्याची बायको सुगंधा म्हणाली, जळायला लाकडं कमी पडली की काय तुम्हाला. तोंड तिचं असंच. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

चोपन्न साली लवूचं गलबत परत आलं नाही.

मी माळ्यावर घडी होऊन पडले होते. खाली सुगंधा एकटी. मूलबाळ नाही. भिंतीपलीकडे तिची मोठी जाऊ सुभद्रा, तीही विधवा, मुलगा मुंबईला गिरणीत. घर एकच, वाटणीत मधे मातीची भिंत घातलेली. त्या वाटणीत पाटा गेला सुभद्रेकडे आणि वरवंटा राहिला सुगंधाकडे. दोघींपैकी कोणी आपला दगड सोडेना. तेव्हापासून बोलणं बंद. मला दोन्हीकडचे खोकले ऐकू यायचे. एक खोकली की दुसरी थांबायची, कान द्यायची. पण विचारायला कोणी जात नव्हतं. बायकांचा ताठा मी पाहिलाय, डोलकाठी वाकेल एक वेळ.

पंचावन्नच्या गावपळणीत सुगंधाने मला एकटीने डोक्यावर वाहून नेलं, एकटीने उभं केलं. दुसऱ्या संध्याकाळी कोणाची तरी म्हैस सुटली आणि सुभद्रेची झावळांची खोप तुडवून गेली. सुभद्रा गाठोडं घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली.

"माका रात काढूक जागा आसा काय?"

"जागा आसा. मान मागशीत, तर तो नाय."

सुभद्रा आत आली. गाठोड्यातून पाटा निघाला. सुगंधाने कोपऱ्यातल्या पोत्यातून वरवंटा काढला. मागे ठेवला तर चोर नेईल, म्हणून दोघींनी आपापला दगड सड्यापर्यंत वाहिला होता. दोघी एकमेकींकडे न बघता वाटायला बसल्या. त्या दिवशीची आमटी चार खोपींतली माणसं मागून घेऊन गेली. रात्री सुभद्रा लवूच्या लहानपणाबद्दल बोलत राहिली आणि सुगंधा, जी कोणाचं ऐकून घेत नाही, ती ऐकत राहिली.

चौथ्या दिवशी देवाने कौल दिला नाही. सगळा सडा कुरकुरला. भात घरात, उंदीर मोकळे. सुगंधा तेवढी खुशीत भाकऱ्या थापत होती. सुभद्रा म्हणाली, तुला बरा आनंद झालाय.

"देवाक गाऱ्हाणा मीच घातलंय," सुगंधा म्हणाली. "कौल देऊ नको म्हणान. माका त्या घराक जावचा नाय."

सुभद्रेने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"मगे माझ्याकडे येवक काय झाला? माझा दार उघडाच आसता."

"तू कधी हाक मारलंस?"

"आणि तू?"

 दुसऱ्या दिवशी कौल मिळाला. घरी पोचल्यावर सुभद्रा पाटा घेऊन आपल्या दारात शिरली, सुगंधा वरवंटा घेऊन आपल्या. मला माळ्यावर टाकलं.

पुढे अठ्ठावन्न, एकसष्ट, चौसष्ट. दर वेळी सुभद्रा खोप न बांधता सरळ माझ्यात यायची. तीन रात्री हसायच्या, भांडायच्या, एका ताटात जेवायच्या. परत आल्या की तीन वर्षं भिंत. दर वेळी वाटायचं, आता तरी एक जण हाक मारील. मी शीड. त्यांना ऐकू जाणारं तोंड असतं तर मीच मारली असती.

यंदा श्रावणात पलीकडचा खोकला थांबला. सुगंधा दोन दिवस कान देऊन बसली. तिसऱ्या दिवशी सुभद्रा गेली म्हणून शेजारणींची रडारड ऐकू आली, तेव्हा ती उठून सुभद्रेच्या घरी गेली. वाटणी झाल्यापासून पहिल्यांदा. दार ढकलावंही लागलं नाही.

गावपळणीला अजून वर्ष आहे. तरी परवा पाऊस उघडल्यावर सुगंधाने मला माळ्यावरून ओढून काढलं आणि भर गावात, तिच्या अंगणात उभं केलं. तट्टे, फळ्या, गवत, सगळं. लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. ती सकाळपासून माझ्या दारात बसते आणि वाटेने जाणाऱ्या बायकांना ओरडते, "गो, खंय चाललंस? बस मगे हय."

आवाज असा कडक, की बायका पदर सावरून पाय उचलतात. काल एक थांबली होती. बसली नाही, पण थांबली.

मी जुनी झालेय. शिवणी उसवल्यात, आणखी दोन पावसाळे काढीन न काढीन. या वाटेने कधी आलात तर आत या. ती तुम्हाला बोलेल, नको ते बोलेल. बोलू द्या. उठू नका.